कचेरीतला पेढा आणि रुक्मिणीने धरलेला हात

श्रीगणरायांचे आगमन घरी होते तसे ते आता कचेरीतही होते. सरकारी कार्यालय असो, बँक असो, पतपेढी असो की एखाद्या कारखान्याचा हिशेब विभाग असो, एका कोपऱ्यात मखर उभे राहते, कामास आरंभ होण्यापूर्वी आरती होते, आणि आरती संपताच खव्याच्या मोदकांचा पुडा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे फिरू लागतो. हा पुडा शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच कोणा भक्ताच्या नवसाचे पेढे येतात, दुपारी दुसऱ्या विभागाच्या गणपतीचा शिरा येतो, आणि सायंकाळी निघताना हातावर साखरफुटाणे पडतात. दहा दिवसांचा हा क्रम अनंत चतुर्दशीस थांबला असे म्हणावे, तर पुढे नवरात्र, खंडेनवमीची यंत्रपूजा, दसरा आणि दिवाळी ही रांगेने उभीच असतात.

या मंगल प्रवाहाविषयी तक्रार करण्यास आम्ही लेखणी उचललेली नाही. पण कीर्तन आटोपल्यावर श्रोतेमंडळी आम्हांस जे प्रश्न विचारतात, त्यांत गेल्या काही वर्षांपासून एका प्रश्नाची भर पडली आहे. पूर्वी सोयरसुतकाचा निर्णय, एकादशी स्मार्त की भागवत, कुलाचारात काही चुकले तर प्रायश्चित्त काय, असे विचारले जाई. आता चाळिशी ओलांडलेला एखादा कारकून किंवा एखादी शिक्षिका सभामंडपातील गर्दी ओसरेपर्यंत थांबते आणि खालच्या आवाजात म्हणते, “बुवा, डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून बजावले आहे. घरी मी सांभाळते. पण शाळेत प्रसाद पुढे येतो तेव्हा काय करावे? नको म्हटले तर पाप लागेल का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, असे आमचे मत आहे. विचारणाऱ्याच्या मनात एकीकडे देहाची काळजी असते, दुसरीकडे देवाचे भय असते, आणि या दोहोंच्या मध्ये पुडा हातात धरून सहकारी उभा असतो. त्याला ना त्या काळजीची कल्पना असते, ना त्या भयाची. तो म्हणतो, “घ्या हो, एकाने काय होते?”

प्रसाद नाकारण्याचे हे भय आपल्या घरांत बहुतांशी श्रीसत्यनारायणाच्या कथेतून आले आहे. चौथ्या अध्यायातली कलावती पती परत आल्याचे ऐकून प्रसाद न घेताच नदीकडे धावली आणि नौका बुडाली. पाचव्या अध्यायातल्या तुंगध्वज राजाने गोपांनी पुढे ठेवलेला प्रसाद तसाच टाकला आणि तो पुत्रांना व संपत्तीला मुकला. वर्षानुवर्षे ही कथा ऐकलेल्या माणसाच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसते, ती ही की शिरा नाकारला तर अनर्थ होतो. परंतु कथा नीट वाचावी. तुंगध्वज शिकारीहून परतत होता. वटवृक्षाखाली गुराखी पूजा करीत होते. राजा तेथे गेला नाही, त्याने नमस्कार केला नाही, आणि गुराख्यांनी आपण होऊन आणून दिलेल्या प्रसादाकडे पाहिलेही नाही. कारण हे गुराखी आणि आपण राजे! त्याचा अपराध दर्पाचा होता. कलावतीचा अपराध उतावळेपणाचा होता. ‘राजाने द्रोणभर शिरा खाल्ला असता तर वाचला असता, चिमूटभर खाल्ला म्हणून बुडाला’ असे त्या कथेत कोठेही नाही. सव्वा शेर, सव्वा पायली असे जे प्रमाण सांगितले आहे ते पातेल्याचे आहे, खाणाऱ्याच्या पोटाचे नाही.

तेव्हा या प्रश्नास आमचे उत्तर स्पष्ट आहे. देवापुढे ठेवलेला प्रसाद उजव्या हातात घ्यावा, मस्तकी लावावा, त्यातला कण मुखात घालावा आणि उरलेला सन्मानाने दुसऱ्यास द्यावा किंवा घरी मुलांसाठी न्यावा. टाकू मात्र नये. तीर्थ आपण तळहाताच्या खळगीपुरते घेतो, गडवाभर मागत नाही; मग प्रसादाच्या बाबतीतच भक्तीचे माप वाटीने का करावे? पांडवांच्या वनवासात दुर्वास शिष्यांसह आले असता द्रौपदीच्या थाळीला चिकटलेले भाजीचे एक पान भगवंतांनी खाल्ले आणि तेवढ्याने सर्वांची तृप्ती झाली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कणाने देव तृप्त होतो आणि भक्ताला मात्र चार मोदक लागतात, हा हिशेब काही जुळत नाही.

आता आणखी एक गोष्ट, आणि येथे काही वाचक आमच्यावर रुष्ट होतील. कचेरीत वाटले जाणारे सगळेच गोड प्रसाद नसते. देवास नैवेद्य दाखवून जे येते तो प्रसाद. कोणी नवी मोटार घेतली, कोणाची बढती झाली, कोणाच्या चिरंजीवांना नोकरी लागली, कोणी निवृत्त झाले, कोणाचा वाढदिवस म्हणून केक कापला गेला. हे सर्व आनंदाचे प्रसंग खरेच, पण तो पेढा म्हणजे मिठाई. प्रसादाची पुण्याई तिला चिकटवू नये. आनंदात सहभागी होण्यास मनुष्याला परमेश्वराने जीभ दोन कामांसाठी दिली आहे. कन्येला शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळाले म्हणून एखादा सहकारी पेढे घेऊन आला तर त्याच्याजवळ दोन मिनिटे थांबावे, कन्या पुढे काय शिकणार ते विचारावे, तिला आशीर्वाद सांगावा, आणि “हा पेढा घरी नेतो, तिच्या नावाने आमची नातवंडे खातील” असे म्हणून कागदात गुंडाळून ठेवावा. पेढा तोंडात टाकून पुन्हा कागदपत्रांत मान घालणाऱ्यापेक्षा हा मनुष्य त्या बापाला अधिक आपला वाटेल, याबद्दल आम्हांस शंका नाही.

‘एकाने काय होते’ याचा हिशेबही एकदा मांडून पाहू. आमचे वाई हे सातारा जिल्ह्यातले क्षेत्र. कंदी पेढ्याच्या मुलखात राहून पेढ्याची निंदा आम्ही करणार नाही. एका किलोत साधारण चाळीस ते पन्नास पेढे बसतात, म्हणजे एकेक पेढा वीस ते पंचवीस ग्रॅमचा. त्यात ऐंशी ते शंभर उष्मांक धरावेत. ते खर्ची घालण्यास मध्यम बांध्याच्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटे भरभर चालावे लागते. वर्षातले कामाचे दिवस २४० धरले आणि दिवसाला वीस ग्रॅमचा एकच पेढा धरला, तर वर्षाकाठी ४ किलो ८०० ग्रॅम पेढे पोटात जातात. घरच्या सणावारांचे गोड यात नाही, चहातली साखर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेसाठी जी मर्यादा सांगितली, ती दिवसाला दोन हजार उष्मांक घेणाऱ्या माणसासाठी पन्नास ग्रॅमची आहे, आणि शक्य तर पंचवीस ग्रॅमवरच थांबावे असे त्या संघटनेचे म्हणणे आहे. दोन चमचे साखरेचे चार-पाच कप चहा घेणाऱ्याची ही मर्यादा पेढ्यास हात लावण्याआधीच जवळजवळ भरते.

कोणी म्हणेल, ही सगळी नव्या काळाची भीती आहे. आपले पूर्वज तुपात न्हालेली पुरणपोळी खात आणि शंभर वर्षे जगत. शंभर वर्षे किती जण जगत हा प्रश्न बाजूस ठेवू. पण पूर्वज या विषयी बेसावध होते असे मानणे हा त्यांचा अपमान आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा एकविसावा अध्याय आहे. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार करून, दोहोंत कृश बरा, असा निर्वाळा दिला आहे. स्थूलतेची कारणे सांगताना अति खाणे, गुरू, मधुर, शीत व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप ही आली आहेतच. पण त्यांच्या जोडीला ‘बीजस्वभाव’ हेही कारण दिले आहे. म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृती. मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यात फिरून अग्नी प्रदीप्त करतो, म्हणून स्थूल माणसाला भूक अधिक लागते, भूक लागते म्हणून तो अधिक खातो आणि अधिक स्थूल होतो, असे चक्रही तेथे वर्णिले आहे. प्रमेहाच्या चिकित्सेत तर पहिलेच कारण ‘आस्यासुख’ असे दिले आहे. आस्या म्हणजे बसणे. बैठकीचे सुख! खुर्ची, पंखा आणि टेबलावर आलेला पेढा यांचे इतके नेमके निदान करणारा वैद्य आजही विरळा. त्याच यादीत दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थही आहेत. आमच्या संस्कृत वाचकांना आणखी एक गंमत सांगावीशी वाटते. ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ खडे, वाळू असा आहे. साखर हा अर्थ तिच्या दाणेदार रूपावरून आला. असो.

या बाबतीत आधुनिक वैद्यकाने जे सांगितले आहे, तेही ऐकण्यासारखे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने देशभर झालेली आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी १ लाख १३ हजार प्रौढांची होती. तिच्यावरून देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, आणि त्या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख असा अंदाज निघाला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापून एक कोडे मांडले होते. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय हा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा. पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणारा भारतीय देह आतून मेद साठवून असतो, हे त्यातून लोकांपुढे आले. म्हणूनच आपल्याकडे पुरुषाच्या कमरेचा घेर नव्वद सेंटिमीटर आणि स्त्रीचा ऐंशी सेंटिमीटर ओलांडला की सावध होण्यास सांगतात. मला काय झाले आहे, मी तर काटकुळा, असे म्हणून पुड्यातला तिसरा मोदक उचलणाऱ्यानेही एकदा फीत लावून पाहावी.

बीजस्वभावाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. कचेरीत गोड टाळू पाहणाऱ्याला दोन प्रकारचे लोक भेटतात. एक आग्रह करणारा आणि दुसरा थट्टा करणारा. “अरे, याला देऊ नका, याचे डाएट चालू आहे,” असे चारचौघांत मोठ्याने म्हणणे, पोटावर थाप मारणे, जिना चढताना लागलेल्या धापेवर विनोद करणे, हे सर्व सुसंस्कृत माणसे सुसंस्कृत कचेऱ्यांत करतात. गणेशोत्सवात तरी त्यांनी हे करू नये. कारण लंबोदराच्या पोटाला हसलेल्या चंद्राचे काय झाले, हे त्यांच्या घरातले लहान मूलही सांगेल. चतुर्थीच्या चंद्राकडे पाहू नये हा नेम आपण अजून पाळतो, पण तो कशामुळे पडला याचा विसर पडला आहे. आमच्या गावी कृष्णेच्या घाटावर रास्त्यांनी बांधलेल्या मंदिरात भव्य गणेशमूर्ती आहे. सारा गाव तिला प्रेमाने ढोल्या गणपती म्हणतो. पण तो ढोल्या म्हणण्याचा अधिकार भक्तीचा आहे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तो नाही.

गणपतीच लंबोदर असताना भक्ताने पोट का कमी करावे, असा विनोद आमच्याच कीर्तनात एकदा एका श्रोत्याने केला होता. आम्ही त्याला इतकेच म्हटले, की त्या उदरात ब्रह्मांडे सामावली आहेत. तुमच्या उदरात काय आहे ते तुम्हांस ठाऊक. मोदकांच्या संख्येचा दाखलाही पुष्कळ जण देतात. नैवेद्य एकवीस मोदकांचा, हे खरेच. पण सिद्धिविनायकाच्या व्रतविधीत त्यातला एक देवाचा, दहा ब्राह्मणास देण्याचे आणि दहा यजमानाचे, अशी वाटणी सांगितली आहे. आपल्या वाट्याचे दहा लक्षात ठेवून दानाचे दहा विसरणारे यजमान आम्ही पाहिले आहेत. शिवाय तो मोदक तांदळाच्या पिठीचा, नारळाच्या चवाचा, वाफेवर उकडलेला आणि घरच्या बाईने सकाळपासून चुलीपाशी उभे राहून केलेला. वर्षातून एकदोनदा तुपाची धार घालून तो आनंदाने खावा, असे डॉक्टरांनी सुचवलेल्या मर्यादेत राहून आम्हीही म्हणतो. कचेरीतल्या खव्याच्या मोदकाशी त्याचे नाते केवळ साच्याचे आहे.

आता प्रत्यक्ष निग्रहाकडे येऊ. कारण काय करावे हे कळले तरी सायंकाळी चार वाजता, पोटात कावळे ओरडत असताना, नेमका तो पुडा समोर आला की सगळे शास्त्र विरून जाते. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांतला एक गुरू मासा. गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीने मासा प्राणास मुकतो, हे तर कोणीही सांगेल. पण त्याच ठिकाणी अवधूताने जे पुढे म्हटले आहे ते फार सूक्ष्म आहे. निराहार राहून माणूस बाकीची इंद्रिये जिंकू शकतो. जीभ मात्र उपाशी माणसाची उलट अधिकच बळावते. नाथमहाराजांनी या संपूर्ण स्कंधावर टीका लिहून ती शके १४९५ मध्ये काशीस पूर्ण केली. पण आमच्या कचेरीतल्या भक्तांनी त्या एका वाक्याचा जरी विचार केला तरी त्यांचे काम होईल. वजन उतरवायचे म्हणून सकाळी काही खात नाहीत, दुपारी दोन काकड्यांवर भागवतात, आणि चार वाजता एका पेढ्याने सुरुवात होऊन पुड्याचा तळ दिसतो. येथे दोष त्यांच्या श्रद्धेचा नाही, रिकाम्या पोटाचा आहे. दुपारी भाकरी, उसळ, ताक असे पोटभर जेवावे. चरकानेही स्थूल माणसास उपाशी ठेवा असे म्हटलेले नाही. यव, मूग, कुळीथ यांसारखे पदार्थ सांगितले आहेत. पोट भरावे पण मेद वाढू नये, ही त्यातली दृष्टी. व्यायाम आणि जागरणही क्रमाक्रमाने वाढवा, असे तेथे म्हटले आहे. एका महिन्यात दहा किलो उतरवू पाहणाऱ्यांनी हा ‘क्रमाने’ शब्द ध्यानात घ्यावा. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्याला योग नाही म्हटले, त्याच श्लोकात मुळीच न खाणाऱ्यालाही नाही म्हटले आहे.

आणि शरीर हे धर्माचे पहिले साधन, हे कालिदासाचे वचन जो तो उद्धृत करतो. पण कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात ते कोणाला उद्देशून आले आहे? बटुवेषातील शंकर ते उग्र तप करून देह झिजवणाऱ्या पार्वतीला ऐकवतात. खादाडास नव्हे. उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाऊन ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण सार्थ करणाऱ्यांविषयी येथे अधिक लिहीत नाही.

आमचा स्वतःचा एक अनुभव असा की, मराठी माणूस दुसऱ्याच्या वजनाचा मान राखत नाही, पण नेमाचा राखतो. “मी वजन कमी करतो आहे” असे म्हणा, चार जण हसतील आणि दोघे तोंडात कोंबतील. “माझा चातुर्मासाचा नेम आहे” असे म्हणा, तोच मनुष्य हात मागे घेईल आणि वर नमस्कार करील. मग खरोखरच नेम का करू नये? आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतच्या या चार महिन्यांत काहीतरी वर्ज्य करण्याची आपली परंपरा आहेच. कोणी कांदा-लसूण-वांगे सोडतात. श्रावणात शाक, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्य वर्ज्य करणारे व्रतस्थही आहेत. चातुर्मास्यव्रताच्या फलश्रुतीत तर गूळ सोडणाऱ्यास मधुर स्वर प्राप्त होतो, असे फळ सांगितले आहे. कीर्तनकाराच्या दृष्टीने याहून मोठा लाभ कोणता! आम्ही स्वतः गेली अनेक वर्षे चातुर्मासात गूळ-साखर वर्ज्य करतो. स्वराविषयी श्रोत्यांनी बोलावे. कमरेच्या उपरण्याला मात्र फरक कळतो.

नेम मनाशी आणि देवापुढे करावा, कचेरीतल्या लोकांपुरता नव्हे. देवापुढे पाणी सोडून संकल्प केला, की तो पाळणे आपले आणि देवाचे काम होते. खोटा नेम सांगून पेढा टाळणारा मनुष्य दुसऱ्याच दिवशी बसथांब्यावर भजी-जिलेबी खाताना सापडतो आणि मग नेमाचीच अप्रतिष्ठा होते. संकल्पही झेपेल एवढाच असावा. ‘कचेरीच्या उंबऱ्याआत गोड खाणार नाही, प्रसादाचा कण तेवढा घेईन’ इतका लहान संकल्प पुष्कळ झाला. घरच्या नैवेद्याला त्यातून मोकळीक राहते, त्यामुळे घरची माउलीही दुखावत नाही. मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र खाण्यापिण्यात आणि उपासतापासात कोणताही बदल डॉक्टरांस विचारूनच करावा. आमच्या किंवा कोणाही बुवांच्या सांगण्यावरून करू नये.

उरला प्रश्न आग्रह करणाराचा. आग्रह हा आपल्या पंगतीचा अलंकार मानला गेला आहे आणि आम्ही त्या पंगतींत वाढलो आहोत. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव जातो तेव्हा यजमानीण बाई “बुवा, एवढी एक पोळी माझ्यासाठी” म्हणते, त्यामागची माया आम्हांस कळत नाही असे नाही. पण त्या पंगतीत आग्रहाला एक मर्यादा होती. पानावर आडवा हात धरला की वाढणारा पुढे जात असे. कचेरीत आडवा हात धरण्यास पानच नाही. म्हणून आग्रह करणाऱ्यांसाठी आम्ही भागवतातली सुदाम्याची कथा सांगतो. सुदाम्याने फडक्यात बांधून आणलेले पोहे भगवंतांनी ओढून घेतले, एक मूठ मुखात टाकली आणि दुसरी मूठ उचलली; तोच रुक्मिणीमातेने त्यांचा हात धरला. एवढे पुरे, असे ती म्हणाली. या प्रसंगाचा टीकाकारांनी केलेला अर्थ असा की एका मुठीतच सुदाम्याला दोन्ही लोकींचे वैभव मिळाले होते, दुसरीची गरज नव्हती. आम्ही कीर्तनात त्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट सांगतो. पोहे आणणारा जिवलग मित्र होता, खाणारा जगन्नाथ होता, पदार्थ प्रेमाचा होता, आणि तरीही प्रेमाच्याच माणसाने हात धरला. त्याने भगवंत रागावले नाहीत आणि सुदामाही रुसला नाही. आज प्रत्येक कचेरीत पुडा पुढे करणारे दहा सुदामे आहेत. हात धरणारी रुक्मिणी एखादी तरी असावी. शेजारच्या टेबलावरील बाईंना डॉक्टरांनी काय सांगितले आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी तरी पुडा त्यांच्यापुढे न धरता सरळ पुढे न्यावा. एवढ्याने त्या बाईंचा अर्धा संग्राम जिंकला जातो.

आणि उत्सव करणाऱ्या मंडळींना आमची एक सूचना आहे. प्रसाद गोडच असला पाहिजे असे कोणत्या शास्त्रात आहे? पंढरीचा प्रसाद चुरमुरे, लाह्या, फुटाण्यांचा. गोपाळकाल्यात पोहे, दही आणि मिरची. जेजुरीच्या खंडेरायाला चंपाषष्ठीस वांग्याचे भरीत आणि रोडगा. आणि आपल्या घरच्या गणपतीच्या विसर्जनाला परंपरेने जी करतात ती वाटली डाळ. चण्याची डाळ भिजवून जाडसर वाटायची, हिंग, मोहरी, मिरचीची फोडणी देऊन परतायची, वाफ आणायची, वरून कोथिंबीर आणि लिंबू. खव्याच्या एका पुड्याच्या किमतीत साऱ्या विभागाला पुरेल एवढी होते, भूक भागवते, आणि मधुमेह्यालाही चमचाभर देताना हात अडखळत नाही. यंदा अनंत चतुर्दशीला कचेरीच्या आरतीची पाळी ज्यांच्याकडे असेल त्यांनी घरून डबा भरून न्यावी. ओले खोबरे घालावयाचे असल्यास ते वाटपाच्या वेळीच घालावे, नाही तर दुपारपर्यंत डाळ आंबते.